पायाळूचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. कंबरपट्टा म्हणाल तर मला राग येईल, आणि राग यायला मला हल्ली फार वेळ लागत नाही. मी कंबरेचा नव्हेच. कंबरेच्या चार बोटं खाली, जिथं खुब्याची दोन्ही हाडं मागून येऊन कण्याच्या शेवटाला भेटतात, तिथं आवळून बसणं हे माझं काम. एवढी साधी गोष्ट कळायला पिंपळवंडीतल्या एका घराला दीड वर्ष लागलं. तेवढ्यात त्या घरातल्या बाईची चाल पार बिघडली. मी तिथंच होतो आणि मला काही करता आलं नाही, म्हणून आता तोंड उघडतोय. पट्ट्याला कुठलं तोंड, असं विचारू नका. माणसांना तोंड असून त्यांनी काय दिवे लावले ते सांगणारच आहे.

जन्म माझा भोसरीकडच्या एका पत्र्याच्या शेडमधला. रबरी पट्टी, तिच्यावर जाड कापड आणि टोकांना ते चर्रकन सुटणारं चिकट. ज्या बायकांनी मला शिवलं त्या दिवसभर मशीनवर वाकलेल्या असत. संध्याकाळी उठताना प्रत्येकीचा हात मागे जायचा आणि तोंडातून 'आई गं' निघायचं. माझ्यासारखे हजारो त्यांच्या हातून गेले, पण एकीनंही मला स्वतःला लावून बघितलं नाही. तेव्हा मी नवा होतो, त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

मला ज्या खोक्यात घातलं त्याच्यावर एका तरुणीचा फोटो होता. घट्ट विजार, हसरा चेहरा, आणि मी नेमक्या जागी बसलेलो. बाजूला सगळ्या सूचना इंग्रजीत. साडी नेसणाऱ्या, गवताचा भारा उचलणाऱ्या बाईनं मला कुठं आणि कसं बांधायचं, याबद्दल त्या खोक्यावर एक अक्षर नव्हतं.

तिथून मी नारायणगावला आलो, वैजयंती मॅडमच्या दवाखान्यात. या गोळ्या-इंजेक्शनं देत नाहीत. हाडं, सांधे, स्नायू तपासतात आणि व्यायाम करून घेतात. दवाखाना मात्र पहिल्या मजल्यावर. ज्यांना धड चालता येत नाही त्यांना जिना चढायला लावायचं, हे काही मला पटत नसे. मॅडम म्हणायच्या, खाली गाळा मिळाला नाही, पण माणूस जिना कसा चढतो ते बघितलं की माझं अर्धं काम होतं.

प्रयागबाईला मी पहिल्यांदा बघितलं ते त्या जिन्यावरच. कपाटाच्या काचेतून जिन्याचं वरचं टोक दिसायचं. उजवा पाय वरच्या पायरीवर, मग डावा ओढून त्याच पायरीवर. पुन्हा उजवा. तान्ही पोरं चढायला शिकतात तशी ती चढत होती, आणि वय पन्नाशीच्या पुढचं. मागून सून नूतन, हातात रिपोर्टांची जाड पिशवी घेऊन.

"काय होतंय, मावशी?"

"कंबर धरलीया. चार वरसं झाली बघा. मनक्यात गॅप हाय म्हनत्यात."

आता हा गॅप. जुन्नरपासून मंचरपर्यंत ज्याला विचाराल त्याच्या मणक्यात गॅप असतो. पाठ दुखली की फोटो काढायचा, फोटोत गॅप दाखवायचा आणि इंजेक्शन टोचायचं. पन्नाशीत कुणाच्याही फोटोत काही ना काही दिसणारच, केस पांढरे व्हावेत तसं. प्रयागबाईनं चार वर्षं त्या गॅपवर इंजेक्शनं घेतली होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

वैजयंती मॅडमनी पिशवी उघडलीच नाही. म्हणाल्या, "कुठं दुखतं ते बोट ठेवून दाखवा. एकच बोट."

प्रयागबाईनं हात मागे नेला. बोट कंबरेवर थांबलंच नाही, खाली घसरलं, आणि डाव्या बाजूला जिथं एक बारीक खळी असते तिथं जाऊन रुतलं. चार वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग मॅडमनी तिला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा चालायला लावलं आणि नूतनला जवळ बोलावलं. "नीट बघ. उजवा पाय टेकला की त्या त्याच्यावर थांबतात. डावा टेकला की विस्तवावर पडल्यासारखा लगेच उचलायला बघतात. घाई होते, म्हणून उजवं पाऊल आखूड पडतं. डाव्या पायाच्या बोटांनी मागे रेटा तर देतच नाहीत. आणि हात बघ, अंगाला चिकटलेत. वळताना सगळं अंग फळीसारखं एकदम वळतं."

"आमाला वाटायचं, वय झालं म्हणून तशा चालतात," नूतन म्हणाली.

वय झालं! बायकांच्या दुखण्याला हे औषध कधीही तयार असतं.

मग तिला उताणं झोपवलं. डावा पाय वीतभर उचला, म्हणाल्या. पाय उचलेना. प्रयागबाईच्या कपाळावर घाम आला. "पाय हाय का वरवंटा गं बाई!" असं म्हणून ती स्वतःवरच चिडली. मॅडमनी काय केलं, तर तिच्या खुब्यांवर दोन्ही बाजूंनी तळहात ठेवले आणि आत दाबून धरलं. "आता उचला."

पाय उठला. सरळ, सहज.

"अगं बया! हालका झाला की!"

"पाय चांगलाच आहे, मावशी. कणाही ठीक आहे. त्या दोघांना जोडणारा मागचा सांधा सैल पडलाय. कुऱ्हाडीची पाचर ढिली झाली की पातं कसं हलतं? तसं. अंगाचा सगळा भार त्या सांध्यातूनच पायात उतरतो. तो धरेना, म्हणून पाय भार घ्यायला भितो."

आणि त्यांनी कपाट उघडून मला बाहेर काढलं. त्यांचे तळहात जिथं होते, नेमका तिथं मी बसलो. प्रयागबाई उठली, चालली. उजवं पाऊल चार बोटं तरी पुढे पडलं. मी तिच्या अंगावर होतो, मला ते आधी कळलं आणि तिला नंतर. ती भिंतीपर्यंत जाऊन परत आली आणि हसली. माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, ते इथं सांगून ठेवतो, कारण पुढे बरं वाटण्यासारखं बराच वेळ काही नाही.

जाता जाता मॅडमनी विचारलं, "एका पायावर जोर देऊन उभं राहायचं काही काम करता का? ते या सांध्याला सगळ्यात वाईट. आठवून सांगा."

प्रयागबाईनं खिडकीबाहेर बघितलं. "न्हाई बाई. शेतातलं आपलं, व्हईल तसं."

नूतननं मान खाली घातली. तिला माहीत होतं. पण लग्नाला दोन वर्षं झालेली सून, सासूसमोर काय बोलणार? मला नूतनचाही राग आहे. तिनं पुढे बरंच भरून काढलं, तरी त्या दिवशीचा राग आहेच.

प्रयागबाई पायाळू होती. जन्मताना डोक्याऐवजी पायाकडून बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की चमक, उसण, धरलेली कंबर सुटते, असं लोक मानतात. तिच्या सुइणीनं सांगितलं होतं की पोरीचा उजवा पाय आधी आला, म्हणून गुण उजव्या पायात. सहा-सात वर्षांची असल्यापासून ती लोकांच्या पाठीवर पाय मारतेय. नवऱ्याच्या, हौशीरामच्या, आईला कंबरेचं दुखणं होतं, म्हणून पायाळू सून शोधून आणली, आणि प्रयागबाई पिंपळवंडीत आली.

दर रविवारी सूर्य उगवायच्या सुमाराला हौशीरामच्या अंगणात माणसं जमायची. पालथं झोपायचं. प्रयागबाई ओसरीचा खांब धरून डाव्या पायावर उभी राहायची आणि उजव्या पायानं दुखऱ्या जागी दाबून तीन लाथा द्यायची. कधी पंधरा माणसं, कधी वीस. सगळ्यांचं होईपर्यंत तिनं चहाचा घोट घ्यायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलली, की त्या दिवसाचा गुण गेला. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की लोक तिला झाडाखालून हाकलायचे, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. तिच्या जिवाची गावानं केलेली काळजी एवढीच.

हिशेब करा. पंचेचाळीस वर्षं, दर रविवारी, एकाच पायावर. आणि हे काम नव्हतं. कामाचं विचारलं तर ती शेत सांगणार, गोठा सांगणार, टोमॅटोची बांधणी सांगणार. हे तर देवानं दिलेलं. त्याची तक्रार दवाखान्यात कशी करायची? त्यात लाजही होतीच. दुसऱ्यांच्या कंबरा सोडवणारीची स्वतःचीच कंबर धरली, हे सांगायचं कुणाला?

घरी आल्या आल्या हौशीरामनं मला बघितलं. चांगला माणूस आहे हो तो, दारू नाही, मारहाण नाही. म्हणूनच तर त्याच्यावर चिडायला सोपं जात नाही.

"अगं, कंबरंचा पट्टा कंबरंला बांधत्यात, का ढुंगनाला?"

"मामा, मॅडमनी तिथंच सांगितलाय," नूतन म्हणाली.

"तू शिकलीस, मान्य हाय. पर कंबर मला बी हाय."

आणि त्यानं स्वतःच्या हातानं मला वर सरकवलं आणि कचकून आवळलं. त्या दिवसापासून मी बरगड्यांच्या खाली, पोटावर. तिथं तिचा श्वास कोंडण्यापलीकडे मला काम नव्हतं. खाली तो सांधा तसाच मोकळा, प्रत्येक पावलाला कुरकुरणारा, आणि मी वीतभर वर नुसता बसून. डोळ्यांसमोर शेजाऱ्याचं घर जळतंय आणि आपले हात बांधलेले, असे ते दिवस गेले. खोकं तर केव्हाच पाणी तापवायच्या चुलीत गेलं होतं.

रविवारी मात्र मला तेवढंही बसू देत नसत. शनिवारी झोपतानाच हौशीराम म्हणायचा, "उद्या ते काढून ठिव. पायाळूच पट्टा लावून बसली, तर लोक काय म्हंतील?" मग मी लोखंडी पेटीत, लुगड्यांखाली. तिथून मला सगळं ऐकू यायचं. अंगणात कुणी कण्हत झोपायचं. खांबाला तिच्या बांगड्या घासायच्या. लाथ बसली की झोपलेला माणूस सुटल्यासारखा 'हां' करायचा, आणि तिच्या घशात काहीतरी अडकायचं. बोलायचं नव्हतं ना, मग कण्हायचं तरी कसं?

असं करत दीड वर्ष गेलं. चालण्याचं काय झालं ते सांगतो. आधी कालव्यापलीकडचं शेत सुटलं, मग दळणाची गिरणी, मग भिशीला जाणं. कुणी विचारलं तर 'येळ न्हाई' म्हणायची. संकष्टीला सगळे जीपनं ओझरला गेले, तर गाडीतळापासून देवळापर्यंत ती दोनदा फुलांच्या दुकानाच्या कठड्यावर टेकली. प्रदक्षिणा अर्धीच झाली. परत येताना कुणीतरी ओळखलं.

"तुमी पिंपळवंडीच्या पायाळू ना? आवं लई दिस झालं, पाठ धरलीया माझी." आणि तो बाप्या बघता बघता तिथंच फरशीवर पालथा झाला.

हौशीराम अभिमानानं म्हणाला, "दे गं, देवाच्या दारात हाय त्यो."

तिनं दिल्या तीन लाथा. देवाच्या दारात! मी तिच्या पोटावर होतो. डावा खुबा खाली खचला आणि तिचं सगळं अंग उजवीकडे वाकडं झालं आणि ती मटकन खाली बसली, ते मला कळलं. दोन हजार माणसं त्या आवारात असतील. तिला उठायला हात दिला तो एका फुलवालीनं.

खरा प्रकार झाला तो दादाभाऊच्या वेळी. दादाभाऊ म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, अंगानं शंभर किलोला कमी नाही. विहिरीतली मोटर ओढायला गेला आणि पाठ धरून बसला. रविवारी चौघांनी धरून आणला. त्या दिवशी अंगणात आधीच तेरा माणसं झाली होती. हा चौदावा.

"जोरात द्या, वहिनी. माझं आंग जाड हाय, हालक्यानं भागायचं न्हाई."

मी पेटीत होतो. पहिली लाथ ऐकली, दुसरी ऐकली. तिसऱ्या लाथेला बांगड्यांचा आवाज खांबावरून खाली सरकला आणि धप्पकन काहीतरी पडलं. पेटीतून दिसत नव्हतं, पुढचं मला नूतननं मॅडमना सांगितलं तेव्हा कळलं. डावा पाय खालून निघून गेला होता. प्रयागबाई दादाभाऊच्या पाठीवर आपटली आणि तिथून घरंगळून अंगणात पडली.

आणि लोक काय करत होते, सांगू? टाळ्या वाजवत होते! अंगावर एकदम बाई आदळल्यावर दादाभाऊ दचकून उठून बसला आणि ओरडला, "गेली! आयला, चमक गेली की राव!" सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. कुणी त्याला उभं केलं, कुणी वाकवून बघितलं. हौशीराम त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत होता. बाई दोन हातांवर पडलेली, तोंडातून शब्द नाही. चौदा झाले, तरी अजून दोन माणसं राहिली होती ना. तिनं त्याही वेळी तोंड मिटून ठेवलं होतं.

"मामा! आधी आत्यांना उचला!"

नूतन इतक्या जोरात कधी बोलली नव्हती. ती धावत आत आली, पेटी उघडली, लुगडी भिरकावली आणि मला ओढून बाहेर नेलं. सगळ्या गावासमोर तिनं मला सासूच्या खुब्यांवर, नेमक्या जागी, आवळलं. दीड वर्षाचा राग होता तो, आणि त्यातला अर्धा स्वतःवरचा असावा.

कुणीतरी मागून म्हणालं, "आरं, पायाळूलाच पट्टा!" आणि कुणीतरी फिसकन हसलं. कोण हसलं ते मला माहीत आहे. दोन महिन्यांमागे तो याच अंगणात पालथा झोपला होता.

त्या दिवशी वैजयंती मॅडमनी जिना चढायला लावला नाही. त्याच खाली गाडीपाशी आल्या. गाडीतच नूतननं सगळं सांगून टाकलं. पायाळू, लाथा, खांब, रविवार. रागानं मॅडमचे कान लाल झाले.

"मी विचारलं होतं ना, मावशी?"

"त्ये काम थोडंच हाय, बाई."

"काम नाही? पंचेचाळीस वर्षं तुम्ही गावाच्या कंबरा एका सांध्यावर तोललेल्या आहेत. आता नीट ऐका. हाड मोडलेलं नाही, पट्टा आणि व्यायामानं ताकद परत येईल, चालही येईल. पण पुन्हा एका पायावर उभ्या राहिलात, तर पुढच्या उन्हाळ्यात घरातल्या घरात भिंत धरून चालाल. लोकांना नाही म्हणायचं तेवढं तुम्हालाच करावं लागेल. ते मला करता येत नाही."

प्रयागबाई म्हणाली, "दारात आल्याल्याला न्हाई कसं म्हनू?"

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, ते खरं आहे. तीन आठवडे ती व्यायाम करत होती. पाठीवर झोपून बूड उचलायचं, दहा मोजेपर्यंत धरायचं, सावकाश खाली ठेवायचं. नूतननं मॅडमना फोन लावून हौशीरामला ऐकवलं, तेव्हा कुठं मी माझ्या जागी राहिलो. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं चालू झालं. आधी दहा फेऱ्या, मग वीस. डावा पाय टेकल्यावर एक क्षण जास्त थांबू लागला. त्या एका क्षणासाठी मी जीव खाऊन आवळून धरत होतो.

आणि गावात काय चाललं होतं? दादाभाऊची कहाणी आळेफाट्यापर्यंत गेली. म्हणे, पायाळू स्वतः पडली पण गुण देऊन गेली. बाईच्या पडण्यानं तिचा महिमा वाढला! चौथ्या रविवारी दिवस उजाडायच्या आत अंगणात चाळीसेक माणसं. राजुरीची, ओतूरची, एक जण तर थेट घोडेगावहून आलेला.

हौशीरामनं त्यांना परत पाठवायला हवं होतं. त्यानं काय केलं, तर तो स्वतःच ओसरीवर पालथा झोपला. फवारणीचा पंप उचलताना त्याची खरंच पाठ भरली होती, खोटं कशाला बोलू.

"बाकीच्यास्नी न्हाई म्हन," तो जमिनीत तोंड घालून म्हणाला. "माझी काय तक्रार न्हाई. पर घरच्या मानसाला तर देशील? एक डाव."

सगळं अंगण बघत होतं. एकदा नवऱ्याला लाथ दिली की बाकीच्या चाळीसांना नाही म्हणायला तोंड राहणार नव्हतं. हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

प्रयागबाई बाहेर आली. त्या दिवशी तिनं मला साडीच्या वरून, सगळ्यांना दिसेल असं बांधलं होतं. ती नवऱ्याच्या पाठीशी उभी राहिली. हात खांबाकडे गेला. पंचेचाळीस वर्षांची सवय ती. भार डाव्या पायावर सरकू लागला, उजवी टाच जमिनीवरून सुटली. माझ्या खालचा तो सांधा ताणला गेला, आणि मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. उचलू नकोस, बाई. या चाळीसांतल्या एकानंही तुला कधी विचारलं नाही की तू कशी चालतेस.

टाच हवेत राहिली. मग ती खाली आली.

"नूतन," प्रयागबाई म्हणाली, चांगल्या खणखणीत आवाजात, "च्या ठिव गं. मला बी."

अंगणातून एकदम कालवा उठला. बोलली! पायाळू बोलली! आता या दिवसाचा गुण गेला, कुणालाही पाय लावून उपयोग नाही. एक म्हातारा म्हणाला, "आवं आमी ओतूरहून आलो, वैनी." त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "मंग बसा. च्या घ्या. आन नारायनगावला जावा, वैजयंतीबाईंच्या दवाखान्यात. जिना हाय, पर चढवल तुमाला."

हौशीराम तसाच पालथा पडून होता. ती त्याला वळसा घालून पायऱ्या उतरली. चहा येईपर्यंत तिच्या वीस फेऱ्या व्हायच्या होत्या. लोकांना बाजूला व्हावं लागलं. डावा पाय टेकला, थांबला, आणि उजवं पाऊल पुढे पडलं. अजून लंगडत होती, नाही असं नाही. थोड्या वेळानं हौशीराम आपला आपणच उठला. पाठ धरून, भिंतीला टेकत, पण उठला.

त्यानंतरही दोन रविवार माणसं आली. दोन्ही वेळेला तिनं दारातच 'या, बसा, पावणं' म्हणून बोलायला सुरुवात केली. मग यायची थांबली.

एवढ्यावर संपलं असतं तर माझा राग केव्हाच निवला असता. पण माणसं थांबली ती शहाणी होऊन नव्हे. त्यांना दुसरी सापडली. निमगाव सावाला. प्रयागबाईला हे कुणी सांगितलं असेल? दादाभाऊनंच. चहा पिता पिता, मोठ्या उत्साहानं. "लई गुन हाय म्हनं तिच्या पायात. एवढीशी हाय, नऊ वर्साची. पर लाथ अशी बसती!"

प्रयागबाईच्या हातातला कप तसाच राहिला. त्या दिवशी तिनं वीसच्या जागी पन्नास फेऱ्या मारल्या.

आता माझी अवस्था सांगतो. माझं चिकट कापसानं आणि गवताच्या कुसांनी भरलं आहे. रबर एका बाजूला सैल झालं आहे. नूतन टाका घालून घालून मला चालवते आहे. मॅडम म्हणाल्या, अजून महिनाभर, मग पट्ट्याची गरज लागणार नाही. म्हणजे मी लवकरच टाकून दिला जाणार. त्याचं मला दुःख नाही, आमच्या जातीला याहून चांगलं मरण नसतं.

पण येत्या रविवारी प्रयागबाई निमगाव सावाला निघाली आहे. जीप फाट्यावर सोडते, तिथून त्या पोरीच्या वस्तीपर्यंत दीड किलोमीटर चालायचं आहे. हौशीराम मोटरसायकलवर सोडतो म्हणाला, तर ही म्हणाली, "मी चालत आल्याली त्या पोरीच्या आईला दिसली पायजे. कशी चालते, त्ये दिसलं पायजे." तेवढं अंतर मी धरून राहीन. शिवण उसवली तरी धरून राहीन.

तिला पोचायला थोडा वेळ लागेल, ती अजून सावकाश चालते. तोवर निमगावच्या लोकांनो, तुमच्या पाठी दुखू द्या. त्या पोरीला खांबाशी उभी करू नका. सकाळी तिला चहा द्या, आणि तिला बोलू द्या.